मृताचे नाव: निरंक

"पोरीचं नाव सांग."

"नाव ठेवलं नाही अजून. बारसं परवा व्हायचं होतं."

कॉम्प्युटरवर बसलेल्या ऑपरेटरने मागे वळून ग्रामसेवकांकडे पाहिलं. दारात सरपंचांचा भाऊ उभा होता. तो म्हणाला, "तुमच्या वस्तीत बारसं कधीपासून लागायला लागलं? सोमवारी झाली तर सोमी, मंगळवारी झाली तर मंगळी. सांग, वार कोणता?"

तिघं हसले.

माझी लेक आदल्या दिवशी तापाने गेली होती. नाशिकच्या दवाखान्यात जन्मली, गावात गेली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आरोग्य खात्याची आशाताई म्हणाली, ऑपरेटर आठवड्यातून एकदा येतो, आजच नोंद कर. म्हणून मी बाळंतीण, छातीशी पदर ओला, ग्रामपंचायतीत उभी होते.

नाव मनात ठरलेलं होतं. पण आमच्यात बारशाला आत्या ते बाळाच्या कानात सांगते. त्याआधी आईने तोंडातून काढायचं नसतं.

"भाऊसाहेब, रकाना रिकामा ठेवला तर पुढं सरकत नाय," ऑपरेटर ग्रामसेवकांना म्हणाला.

"मग निरंक टाक. नेट हाय तोवर उरक."

अहवालात सांगण्यासारखं काहीच नसलं की कचेरीत हा शब्द लिहितात. माझ्या हातात छापील दाखला आला. मृताचे नाव: निरंक.

मी लासलगावच्या बाजारात कांदा घेते. पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून भाव तोडते. ट्रकवाले मला वचकून असतात. त्या दिवशी मी तो कागद घडी करून पोलक्यात घातला आणि मुकाट घरी आले.

काही दिवसांनी बाजारात परतले. त्या दिवशी लिलाव बंद होते. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'आवक: निरंक'. ते वाचलं आणि मला पान्हा फुटला. भर बाजारात. घरी पाळणा सोडून ठेवला, तरी दोरी करकरते. हाक मारावी म्हटलं तर तोच शब्द जिभेवर येतो. ये गं, निरंक.

मी नाव घालून घ्यायला गेले. ग्रामसेवक म्हणाले, दुरुस्ती आमच्या लॉगिनला नाही, तालुक्याला जा. तालुक्याला म्हणाले, अर्ज ग्रामपंचायतीतूनच यायला हवा. परत आले तर सर्व्हर बंद. ऑपरेटरकडे आता शेजारची गावंही दिलीत. तो कधी येईल, त्यालाच ठाऊक नाही.

शेवटी ग्रामसेवक गोड बोलायला लागले. "बाई, मेलेल्या पोरीला नाव कशाला? ना शाळेत घालायची, ना लग्न करायचं. तुझ्या घरकुलाचं बघतो ना मी. हे सोड."

सौदा मला कळतो. न मागता कुणी देऊ लागला की समजायचं, त्याचा माल सडका आहे. दुरुस्ती करायची तर 'निरंक' कुणी लिहायला सांगितलं, हे त्यांना लेखी द्यावं लागणार होतं.

"घरकुल ठेवा तुमच्याकडे," मी म्हणाले. "लिहा. गार्गी."

सरपंचांचा भाऊ हसला. "गार्गी? बामणाची हाय का?"

"माझी हाय. गार्गी!"

कानात सांगायचं नाव मी कचेरीत ओरडून सांगितलं. रस्त्यावरची माणसं थांबली. सरपंचांच्या भावाने पहिल्यांदा माझ्यावरची नजर काढली.

नोंद अजून बदललेली नाही. बाजार उरकला की मी तिथे जाऊन ग्रामसेवकांच्या समोर बसते. नेट असो नसो. येणारं-जाणारं विचारतं, "काय काम काढलं, बाई?" मी लेकीचं नाव सांगते, मोठ्याने. ग्रामसेवक कागदात डोकं खुपसतात. खुपसू देत. 'चूक माझी, ग्रामसेवकाची' असं लिहून त्यांनी खाली सही करायची आहे. ती घेतल्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही. ते बदली होऊन दुसऱ्या गावी गेले, तर त्या गावी जाईन.