पाण्याकडचं नाव

मेघा भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच पुढे तिला शूर करून वाचकाला फसवण्यात अर्थ नाही. ती कुत्र्याला भ्यायची, खोल पाण्याला भ्यायची, अवेळी वाजलेल्या फोनला भ्यायची. नवरा भुपेंद्र वरठीच्या कारखान्यात कामाला, आठवड्याने घरी येणारा. त्याची मोटारसायकल दारात थांबेपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरत नसे.

भित्र्या माणसाला वस्तू जागच्या जागी लागतात. मेघा साकोलीच्या कॉलेजात बी.ए. झाली, मग ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला, आणि लग्न होऊन खैरबोडीला आली तेव्हा गावच्या वाचनालयाची किल्ली आपसूक तिच्या कमरेला लागली. एकोडीच्या पुढे, जंगलाला टेकलेलं हे गाव. वाचनालय म्हणजे पंचायतीच्या मागची एक खोली. तिने सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवले आणि ते काम संपल्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळली.

सासू रुखमिणी दारातून बघत होती. "काहून व, मिठाच्या डब्यावर मीठ लिवून रायली?"

"सापडाले बरं, आत्याबाई."

"मीठ कुठी हाय थे माया हाताले मालूम हाय. आता हातालेच शाळेत घालू का?"

मेघा हसली, पण चिठ्ठी काढली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात वाघ आला. आधी गोऱ्हा नेला. पुढे शेजारच्या गावचा एक गुराखी गेला, आणि खैरबोडीत दिवेलागणीलाच दारं लागू लागली. इतकी वर्षं मेघा एकटी भीत आली होती. आता अख्खं गाव तिच्यासोबत भ्यायला लागलं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि असं बरं वाटावं याचीच पुन्हा भीती वाटली.

वनखात्याच्या बीटगार्डचे मेसेज नेमाने यायचे. अमुक कक्ष क्रमांकात वाघाचा वावर आहे, नागरिकांनी जाऊ नये. मेसेज खरा, वेळेवरचा. फक्त तो कक्ष म्हणजे नेमका कुठला तुकडा, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. लोक मेसेज वाचायचे, हात जोडल्याचं चित्र लावून दुसऱ्या ग्रुपवर ढकलायचे आणि नेहमीच्या वाटेने सरपण आणायला निघून जायचे.

अशात नागपूरहून डिंपल नावाची मुलगी आली. तिचं संशोधन होतं : गावातली माणसं माहिती कशी शोधतात, डोक्यात कशी लावून ठेवतात, कोणाच्या शब्दावर विश्वास टाकतात. वाघाबद्दल तिने अवाक्षर विचारलं नाही. मेघाचे सासरे वासुदेवराव ओसरीवर बसले होते, त्यांना म्हणाली, "काका, मेसेज आला की तुम्ही आधी काय करता?"

"चष्मा शोधतो."

"आणि मग?"

"चष्मा सापडला का मेसेज सापडत नाई."

डिंपल हसली नाही, लिहून घेतलं. संध्याकाळी मेघाला म्हणाली, "ताई, हे नंबर खात्याच्या कामाचे आहेत. तुमच्या लोकांच्या डोक्यात जंगल वेगळंच मांडलेलं असणार. ते बाहेर काढा आणि नंबर त्याला जोडा. पुस्तकांचं करता तसंच."

हे मेघाला एकदम पटलं. असं काम म्हणजे तिचा जीव. वाचनालयाच्या भिंतीवर तिने गावाचा नकाशा रंगवायला घेतला. पारावर बसणाऱ्या माणसांना विचारत गेली आणि नावं येत गेली : बैल बुडाला तो नाला, जळकी बांधी, आनंदरावचा मोह. आनंदराव कधीच वारले होते, त्यांची बांधी, म्हणजे भाताचं शेत, नातवांत वाटली गेली होती, पण त्या बांधीच्या टोकाचं जुनं मोहाचं झाड अजून त्यांचंच होतं. प्रत्येक नावाखाली मेघाने बीटगार्डला विचारून त्या भागाच्या कक्षाचा आकडा घातला.

राहिली ढिवरटोली. मासेमारी करणाऱ्यांची ती वस्ती तलावाच्या दुसऱ्या अंगाला. मेघा तिकडे निघालीही होती. राखेच्या ढिगातून कुत्री उठली, गुरगुरली, आणि ही माघारी फिरली. बस्स, एवढंच कारण. दुसऱ्या सकाळी टोलीतला गोपीचंद टोपली घेऊन दारात आला तेव्हा तिने विचारलं, "काका, तुमच्या टोलीत पण हेच नावं चालतात ना?"

गोपीचंदला टोपलीतला माल उन्हाच्या आत खपवायचा होता. "चालतात ना बाई. झिंगे घेतेस का?"

तिने झिंगे घेतले आणि विषय संपला असं धरून चालली. भिंतीवरचा तलाव निळ्या रंगाने भरून टाकला, मधोमध लिहिलं 'तलाव'.

डिंपलने जाताना विचारलं होतं, "निळ्यात काहीच नाही?"

"पाण्यात काय असणार?" मेघा म्हणाली.

व्यवस्था चालू झाली. मेसेज आला की मेघा भिंतीकडे बघायची, पंचायतीच्या भोंग्यावरून जागेचं नाव सांगायची, आणि लोक खरोखर ती वाट सोडायचे. वासुदेवराव तर चारचौघांत म्हणाले, "आमची सून नसती तं गावाचं कठीण होतं." मेघाला रात्रीची झोप लागायला लागली. मला विचाराल तर तिथेच चुकलं. भित्र्या माणसाने भ्यायचं सोडू नये.

उन्हाळा तोंडावर आला होता, तलावाचं पाणी काठापासून मागे सरलं होतं. एका सकाळी मेसेज आला. मेघाने भिंत बघितली, भोंगा लावला : "आनंदरावच्या मोहाजवळ वाघाच्या ताज्या पाऊलखुणा आहेत. आनंदरावच्या बांधीकडे कोणीही जाऊ नका." दोनदा सांगितलं, घरी आली, चहा ठेवला.

गोपीचंद टोपली घेऊन आला. मासळीचा फेरा एरवी त्याची बायको रेवताबाई करायची. तो आला म्हणजे तिला दुसरं काम असायचं.

"काकू कुठी गेल्या?"

"गेली आमच्या सूनबाई रीनासंगं. पाणी उतरलं ना, कमळाचे कांदे काढाले गेल्या नाकाडीवर."

"नाकाडी म्हणजे?"

"अवो, तलावाचं नाक नाई का पुढं आलं? थो मोठा मोह हाय, झुकलेला."

मेघाच्या हातातली सांडशी तशीच राहिली. तलावात घुसलेला जमिनीचा तो तुकडा तिने स्वतः रंगवला होता. त्यावर मोठा, झुकलेला मोह एकच होता : आनंदरावचा.

"काका, भोंगा नाही ऐकला तुम्ही?"

"आयकला ना! आनंदरावच्या बांधीत वाघ हाय म्हनलं तू. म्हनून तं थ्या बांधीतून गेल्या नाई. रोज पायी जातात. आज म्या म्हनलं, पायी नोको, डोंगा घेऊन जा पान्यापान्यानं."

चहा उतू गेला. कोणी बघितलं नाही.

शेतकरी त्या झाडाकडे जमिनीकडून जात होते. त्यांच्या लेखी ते आनंदरावच्या बांधीचं टोक. ढिवर तिथे पाण्याकडून जात. त्यांच्या लेखी ती नाकाडी. आनंदरावची बांधी म्हणजे त्यांना वाटेतली शेतं, आनंदरावचा मोह म्हणजे त्याच शेतांतलं कुठलंतरी झाड, नाकाडीशी त्याचा संबंध नाही. दोघी बायांनी मेघाचं ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, आणि ऐकून, लहानशा डोंग्यात बसून वल्हवत त्याच झाडाखाली गेल्या होत्या.

"फोन?"

"रीनाचा घरी चार्जिंगले हाय."

मेघा पंचायतीकडे धावली. गोपीचंद टोपली टाकून मागे. तिने भोंग्याचं बटण दाबलं आणि घाबरून सकाळचेच शब्द तोंडातून बाहेर पडले, "आनंदरावच्या मोहा..."

गोपीचंदने माइकवर हात ठेवला. "थे नाव नोको घेऊ व माय! थ्या म्हनतीन, आपन कुठी तिथं हावो? अजून निवांत बसतीन!"

मग तिने त्यांचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. "रेवताकाकू, रीना! नाकाडी सोडा. वाघ नाकाडीवर आहे. डोंग्यात बसा, जमिनीवर पाय ठेवू नका. नाकाडी सोडा!" आवाज फाटला. ती सांगत राहिली, आणि थांबली तेव्हा भोंग्याची नुसती घरघर उरली. भोंगा आवाज फेकायचं काम करतो. परत काही आणत नाही. इतके दिवस ती इथून बोलून चहा प्यायला जात होती. ऐकलं कोणी, समजलं कोणाला, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"काठावर चल," गोपीचंद म्हणाला. "टोलीतून दिसते."

टोलीची वाट राखेच्या ढिगावरून. कुत्री उठली. मेघाला भीती वाटली नाही असं कोणी सांगितलं तर खोटं समजा.  एका कुत्र्याने पदर धरला, तो फाटला, ती चालत राहिली एवढंच.

काठावरून नाकाडी दिसत होती. काळपट मोह, खाली कमळाची पानं, पानांच्या कडेला डोंगा. डोंग्यात कोणी नव्हतं.

रुखमिणीही येऊन पोचली होती, अनवाणी. भोंगा ऐकून अर्धी टोली काठावर जमली होती. गोपीचंदने काठावरचा एक डोंगा पाण्यात ढकलला, वल्हं उचललं आणि डोंग्याच्या कडेवर ठोकलं. ठक, ठक, ठक. पाण्यावर असलेल्या आपल्या माणसाला दुरून हाक द्यायची ती त्यांची रीत. ऐकणाऱ्याने उलटा ठोका द्यायचा.

उलटा ठोका आला नाही.

त्याने पुन्हा ठोकलं. समोरून काही नाही. मग तिसऱ्यांदा ठोकलं. "देते थे," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "लगेच देते नेहमी."

मेघाच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. नाकाडी हे नाव टोलीतल्या पोराटोरांच्या तोंडी होतं. आपल्याला ते मिळायला मध्ये फक्त कुत्री होती.

"गोपीचंद, म्या येतो संगं," एकजण म्हणाला आणि दोघं डोंग्यात चढले. तेवढ्यात मोहावरची माकडं किंचाळली. सगळी एकदम. मग तीही गप्प झाली, आणि ती गप्प झालेली जास्त वाईट.

आणि मग, किती वेळाने ते मेघाला कधीच सांगता आलं नाही, पलीकडून आला. ठक. हलका. पुन्हा ठक, ठक. कमळाच्या पानांतून दोन डोकी वर आली, डोंग्याला धरून. आधी एक चढली, तिने दुसरीला ओढलं. गोपीचंद वल्हं धरूनच मटकन खाली बसला.

दोघी काठाला लागल्या तेव्हा रीनाचे दात वाजत होते. "आमी मोहाखाली कांदे बांधून रायलो होतो," ती म्हणाली. "भोंग्यातून नाकाडी आयकू आलं तं पयले आमाले हासूच आलं. आमची नाकाडी भोंग्यात कशी? मंग आत्याबाईनं माया हात धरला न् पान्यात वढलं."

"डोंग्यात बसाले टाइम कुठी होता?" रेवताबाई म्हणाली. "थो वाघ मोहाखालीच आला. आमच्या कांद्याचं गाठोडं हुंगलं त्यानं. आमी पानाखाली, नाकापरेंत पान्यात. तुमी इकून ठोकून रायले न् मी मनात म्हनो, नोको ठोकू रे बाबा, आता जवाब कसा देऊ? थो झाडीत गेला मंग ठोकलं."

मग तिने मेघाकडे बघितलं. फाटका पदर, राखेने भरलेले पाय.

"मेघाबाई, तुया भिंतीवर आमी कुठी हावो?"

 उत्तर रुखमिणीने दिलं, आपल्या सुनेला न वाचवता. "निळ्यात. बुडवून ठेवलं तुमाले."

पुढचे कितीतरी दिवस मेघा रेवताबाईच्या डोंग्यात बसून तलावभर फिरली. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून. पाण्याकडून बघितलं तर गाव ओळखू येत नव्हतं. देवळाचा कळस ही एक खूण होती, वासुदेवरावांची विहीर ही दुसरी, आणि ज्याला ती गावाचं मागचं अंग समजत होती ते इथून पुढचं होतं. तिने विचारायचं, रेवताबाईने सांगायचं, मधूनच "माय, डोंगा नोको दाबू, थो पळून नाई जात" असं म्हणायचं. भिंतीवरचं निळं हळूहळू नावांनी भरलं.

डिंपलला तिने फोनवर सगळं सांगितलं.  "ताई, तेव्हा मी विचारलं होतं, पण लावून धरलं नाही," डिंपल म्हणाली.

वाघ अजून आहे. मेसेज येतो, मेघा भिंत बघते, भोंग्यावर दोन्ही नावं घेते, जमिनीकडचं आणि पाण्याकडचं. मग घरी जात नाही. पंचायतीच्या पायरीवर तोंड तलावाकडे करून उभी राहते. आपलं ऐकलं तर डोंग्यावर ठोका द्यायचा, असं टोलीशी ठरलं आहे. ठोका कधी लगेच येतो. कधी येत नाही, आणि तेव्हा ती पायरीवरून हलत नाही.

"चहा थंडा होऊन रायला," रुखमिणी घरातून ओरडते.

"थांबा, आत्याबाई," मेघा म्हणते. "अजून नाई आला."