सुजलेले ओठ अन् तव्यावरचं एरंडाचं पान

बायांनो, ओठ भरीव दिसावेत म्हणून नातीनं काल परभणीत इंजेक्शन घेतलं. सकाळी बघते तर ओठ भज्यावानी सुजलेले! अन् रविवारी तिला बघायला पाहुणे यायलेत.

आमच्यात सूज म्हणली की शेकायचंच. मी एरंडाचं पान तव्यावर तापवून ओठाला लावणार, तेवढ्यात सुनेनं माझा हात धरला. "आत्याबाई, थांबा. आधी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरीणबाईला इचारू."

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "शेकू नका, चोळू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून हलकंच लावा. ओठ पांढरा पडला किंवा लय दुखलं, तर लगेच आणा."

आता सूज जराशी ओसरायली. सून नसती तर मी पोरीचं तोंड भाजलं असतं.

तिच्यासमोर बोलायला जमत न्हाई, म्हणून इथं लिहिते, सूनबाई, उपकार झाले. तुमी सुनेला चांगलं म्हणता, का तुमचीबी जीभ अडती?