धुक्यातली दगडांची रास

देव आहे की नाही या वादात मी तरुणपणी कधी पडलो नाही. ती भक्ती होती असं कोणी समजू नये, ती घमेंड होती. माझा विश्वास माझ्या दोन डोळ्यांवर आणि गळ्यात लटकणाऱ्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर होता. या चौघांना जे दिसत नाही ते असलंच तर असो, आपलं त्याच्याशी काही देणंघेणं नाही, अशी माझी समजूत होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी खामगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो आणि सुटी मिळाली की मोटार पकडून डोंगर गाठत होतो. लग्नामुंजीचे फोटो काढणारे पुष्कळ होते. धुक्यातला डोंगर काढणारा आख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच, असं मी लोकांना सांगत फिरायचो. खरं सांगतो, ते फारसं खोटंही नव्हतं. धुकं कागदावर उतरवणं सोपं नाही. प्रकाश हिशेबापेक्षा थोडा जास्त द्यावा लागतो, नाहीतर पांढऱ्याशुभ्र धुक्याची चुलीतली राख होते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. रोलमागून रोल वाया घालवून मी ते शिकलो होतो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

माझ्या मायचं माहेर सोनाळा. सातपुड्याच्या अगदी पायथ्याचं गाव. त्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग ऑपरेशन करू. तिच्या मनाने मात्र घेतलं की डोळ्यांना सुरी लागण्याआधी डोंगरातल्या महादेवाला जाऊन यायचं. लहानपणी ती दर श्रावणात तिथे जात असे. मी म्हणालो, "माय, तुला दिसणार तर काही नाही, मग एवढं चढायचं कशाला?" ती म्हणाली, "मले नाई दिसत, त्याले तं दिसते नं! मी आली का नाई, थो पाहीन." मी तयार झालो. शिवाय श्रावणात त्या डोंगरांवर धुकं कसं उतरतं हे मला ठाऊक होतं. मायची यात्रा आणि माझा रोल, एका दगडात दोन पक्षी मारायचे, असा बेत मी मनात केला आणि वर आज्ञाधारक मुलगा म्हणूनही मिरवलो.

सोमवारी गर्दी असते म्हणून आम्ही बुधवार धरला. मामाच्या शेतात निंदण चाललं होतं, त्याला येता येईना. तो म्हणाला, "भाच्या, वाटेचा एखादा माणूस देतो संगं. धुई उतरली का वर हात दिसत नाई हाताले." मला राग आला. मी किती डोंगर पालथे घातले होते आणि हा मला वाट दाखवणारा माणूस देत होता! मी नको म्हणालो, आणि तेही जरा ताठ्यातच. सकाळी दिवस निघाल्यावर आम्ही पायथा सोडला. मायचा हात माझ्या खांद्यावर होता आणि माझं लक्ष वरच्या कड्यांवर.

तीन तास चढल्यावर खिंड आली. तिथे वाट एका दरीला वळसा घालून पुढे जाते. वळण घोड्याच्या नालेसारखं आहे. अलीकडच्या टोकावर उभं राहिलं तर पलीकडचं टोक हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये सरळ उतरलेली दरी आहे. अलीकडच्या टोकावर कमरेएवढी दगडांची रास होती. त्या भागातली रीत अशी की वर जाणाऱ्याने वाटेतला एक दगड उचलून राशीवर ठेवायचा, 'तुह्या हवाली' म्हणायचं आणि पुढे जायचं. मायने चाचपडत एक दगड शोधला, ठेवला, 'तुह्या हवाली' म्हणून हात जोडले. मला म्हणाली, "तूबी ठेव." मी हो हो म्हणालो आणि कॅमेरा उघडला, कारण तेवढ्यात समोरचं धुकं फाटलं होतं.

असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. एकामागे एक सात कडे, प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा फिका, आणि त्यांच्यामधून दुधासारखं धुकं वाहत होतं. अशा मंद उजेडात कॅमेरा हातात धरून भागत नाही, तो पक्क्या बैठकीवर हवा. आणि माझी तिपाई मामाच्या ओट्यावर राहिली होती. एवढ्या बढाया मारणारा मी, तिपाईच विसरलो! बैठक करायला सपाट दगड होते ते फक्त राशीत. शिवाय ती रास नेमकी माझ्या चौकटीत येत होती आणि मला ती नको होती. मी वरचे दगड उचलू लागलो. आवाज ऐकून माय म्हणाली, "काऊन रे बाबू, त्या दगडाले हात लावून राह्यला?" मी म्हणालो, "काही नाही माय, दोन दगड घेतो. परत ठेवीन." दोन म्हणता म्हणता मी रास गुडघ्याखाली आणली. काही दगडांची बैठक केली, बाकीचे आड येत होते म्हणून बाजूला लोटले. मायला मी एका खडकावर बसवलं होतं, दरीपासून दहा पावलांवर.

आठ फोटो काढले. मग वाटलं, पलीकडच्या टोकावरून हेच कडे आणखी बरे दिसतील. मी म्हणालो, "माय, तू इथंच बस. उठू नको. दहा मिनिटांत येतो." वळसा घालून मी पलीकडे गेलो. माझा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचा. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. चौकट जमवण्यासाठी मी काचेत पाहत दोन पावलं इकडे, चार पावलं तिकडे असा सरकत राहिलो. आता उजेड बरा होता, हातात धरूनही तीन फोटो झाले, आणि काच एकदम पांढरी झाली. मान वर केली तर सगळं जगच पांढरं झालेलं. माझे स्वतःचे पाय दिसेनात. आपण कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत, वाट मागे की पुढे, दरी डावीकडे की उजवीकडे, हे मला खरोखर सांगता येईना.

घाबरून मी हाक मारली, "माय!" आणि धुक्यातून तिचं उत्तर आलं, "आली, आली रे बाबा!"

ती उठली होती. मी संकटात आहे असं समजून ती माझ्या आवाजाच्या रोखाने निघाली होती, आणि तिच्या नि माझ्या आवाजाच्या मध्ये सरळ रेषेत दरी होती. मी ओरडलो, "येऊ नको! बस!" पण धुक्यात शब्द फुटतात, नुसता आवाज पोहोचतो. तिचं पुन्हा "आली, आली" ऐकू आलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी जितक्या हाका मारीन तितकी माय कड्याकडे चालत येईल. तिला वाचवायला माझ्यापाशी एकच उपाय उरला होता, तो म्हणजे गप्प राहणं. तोंडावर दोन्ही हात दाबून मी खाली बसलो. जाता येत नाही, दिसत नाही, आणि आता हाकही मारता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं. प्रार्थना येत नव्हती. शाळेत पोरांकडून म्हणवून घेतलेले श्लोकही आठवले नाहीत. मगाशी मायच्या तोंडून ऐकलेले दोनच शब्द आले. तुह्या हवाली. मी रडत रडत तेच म्हणत राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, पण तेवढ्यात मी म्हातारा झालो.

मग एक आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. माणसाची हाक धुक्यात चहूकडून आल्यासारखी वाटते, पण हा आवाज टाचणीसारखा एकाच जागेवरून येत होता. कोणीतरी रास रचत होतं. मध्येच मायचा आवाज ऐकू आला, अगदी घरच्यासारखा, "हे घ्या दादा, आनखी एक." ती बसलेली आहे, कोणीतरी तिच्याजवळ आहे, एवढं कळलं आणि माझ्या हातापायांत जीव आला. आवाज तिकडे, म्हणजे दरी या अंगाला आणि डोंगराची भिंत त्या अंगाला, हे जुळलं. मी भिंतीला हात लावला आणि पाय चाचपत निघालो. टक् झालं की एक पाऊल. थांबायचं. पुन्हा टक्, पुन्हा पाऊल. असा सबंध वळसा मी पार केला.

राशीजवळ गुरं राखणारा एक म्हातारा कोरकू आदिवासी होता. त्याची एक गाय चुकली होती, तिला शोधत तो आला होता. एरवी या वाटेने तो येत नसे. मायचं "आली, आली" ऐकून तो जवळ आला, म्हातारी बाई दरीच्या रोखाने चाललेली पाहून त्याने तिचा हात धरला, खडकावर आणून बसवली आणि "तुहा लेक येईन, कुठी जाते!" म्हणून तिला काम दिलं. आजूबाजूला विखुरलेले दगड तिने हातांनी चाचपून त्याला द्यायचे, त्याने राशीवर ठेवायचे. मोडलेल्या राशीवरून तसंच पुढे जायचं नाही, अशी त्यांच्याकडची शिस्त. धड उभी असती तर एक दगड ठेवून तो वाटेला लागला असता.

मी मायच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारा हात झटकत म्हणाला, "मोडली कोनं ही रास? ढोरानं तं नाई मोडली. इथी दगडाची बैठक लावून ठेवली हाये." मी मान खाली घातली. ढोरावर ढकलण्याची संधी निसटली होती, आणि खरं सांगायचं तर ती असती तर मी ढकललंही असतं. पण माय आधीच बोलली, "माह्या लेकानं मोडली, दादा. आता ऱ्हायलेली त्याच्याकूनच पुरी करून घ्या." स्वरात राग नव्हता, लाजही नव्हती. उरलेले दगड मी एकेक करून चढवले. माझी बैठकही मोडून तिचे दगड परत राशीवर ठेवले. म्हातारा शेजारी उभा राहून कुठला कुठे बसतो ते सांगत होता, आणि मी, चित्रकलेचा मास्तर, मुकाट्याने ऐकत होतो. शेवटी मी वाटेतला आणखी एक दगड उचलला आणि माझ्या नावाचा ठेवला.

रोलमध्ये एक फोटो उरला होता. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, तुमचा काढू का?" तो हसून म्हणाला, "मायचा काढ. म्या तं गाय पाहाले आलो." तरी मी दोघांना राशीपाशी उभं केलं. बैठक मोडली होती, म्हणून कॅमेरा हातातच धरला. पुढे घरी रोल धुतला तेव्हा अकरा फोटो असे उतरले होते की पाहणाऱ्याने बोटं तोंडात घालावी. त्यातले दोन पुढे एका प्रदर्शनात लागले, लोक वाखाणत होते. बारावा हललेला निघाला. त्यात दोन म्हाताऱ्या माणसांच्या दोन सावल्या आणि मध्ये एक काळा ढीग आहे. घरात भिंतीवर मी तोच लावला आहे. बघणारे विचारतात, एवढ्या मोठ्या फोटोग्राफराच्या घरी हा कसला फोटो? मी त्यांना चहा पाजतो.

तो माणूस कोण होता, हे मी कोणाला पटवत बसत नाही. त्याने मला नाव सांगितलं, गाव सांगितलं. तो माणूसच होता, आणि त्याची गायही खरीच चुकली होती. ती त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच वाटेला का चुकली, एवढंच मला कळत नाही, आणि आता ते कळावं असंही वाटत नाही. धुकं विरल्यावर आम्ही वर जाऊन महादेवाचं दर्शन घेतलं. मायने पिंडीवर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत.

उतरताना माझ्या डोक्यात एक विचार घोळू लागला. मी रास मोडली नसती तर म्हातारा तिथे थांबला नसता. तो थांबला नसता तर दगड वाजले नसते, आणि माय एकटीच उठून पुन्हा चालू लागली असती. म्हणजे देवाने माझ्या चुकीतूनच मला वाट दिली! या विचाराने मी भारावून गेलो. मोठा बोध झाल्याच्या ऐटीत मी तो मायला सांगितला. तिने माझ्या खांद्यावरचा हात काढला, थांबली आणि म्हणाली, "बाबू, त्यानं तुह्या मोडन्यातून वाट काढली, हे त्याचं मोठेपन. तू मोडन्याचं कवतिक सांगू नोको. रचनाऱ्याचं सांग."

त्या दिवसानंतर देवाजवळ मी बरंच काही ठेवलं. मीच सगळं करतो ही समजूत ठेवली, डोळ्यांचा ताठा ठेवला, आख्ख्या जिल्ह्यात एकटाच ही बढाईही ठेवली, जरी ती अधूनमधून परत मागायला मी जातो. आपलं काही चालेनासं झालं की गप्प बसून ऐकावं, कोणीतरी कुठेतरी रचत असतं, एवढं मला कळलं आणि ते पुरलं आहे. एक अभिमान मात्र मी त्याच्या पायांशीही ठेवलेला नाही. जिला समोरचं दिसत नव्हतं आणि तरी सगळं दिसत होतं, अशा बाईच्या पोटी मी जन्मलो. हा अभिमान देवाने मागितला तरी मी देणार नाही, आणि तो मागणारही नाही.