उदाची शेगडी आणि टोपलीखालची कोंबडी

अंगावरची खाकी उतरून बरीच वर्षं झाली, पण ती घटना आठवली की माझी मान आजही ताठ होते.

निजामी राजवट जाऊन फार काळ झाला नव्हता. मी फौजदार होतो, तरी लोक जुन्या सवयीने अमीनसाबच म्हणत. थंडीतल्या एका सकाळी बोरीकडच्या एका खेड्यातून एक शेजारी धापा टाकत ठाण्यात आला. माहेरी बाळंत झालेली पोरगी बंद खोलीत बेशुद्ध सापडली होती.

"धुरीच्या उदात धोतऱ्याचं बी घातलं, साब! भावजयीचंच काम हाय. तिला लेकरू न्हाई, म्हनून नणंदेचं बघवना. तान्हं तेवढं तिनं सोतासाठी आधी बाहेर काढलं बघा!"

रपट लिहायला लावून मी निघालो. पोचलो तोवर बाळंतिणीला गाडीत घालून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं होतं. नातू बघायला आलेली तिची सासू अंगणात ऊर बडवत होती; फिर्याद तिनेच दिली. भावजय भिंतीला टेकून बसलेली. गावाने तिला केव्हाच फासावर चढवलं होतं.

पंचनामा केला. खोली एवढीशी. एकुलत्या खिडकीत गोधडी कोंबलेली, दाराच्या फटीत चिंध्या. बाजेखाली कोळशाची शेगडी, शेजारी उदाचा डबा. डबा आणि शेगडी मुद्देमालात घेतली.

भावजयीला फिरवून फिरवून विचारलं, आवाजही चढवला. "लेकराला ऊद झोंबायला, शिंका यायल्या. म्हनून त्याला घेऊन मी वसरीवर बसले. वन्सं थंडीनं कुडकुडायल्या, म्हनून खिडकी बुजवली, कोळसा वाढवला. मी मारीन का हो त्यांना?"

खोटं बोलणारा दर खेपेला थोडी भर घालतो. ही बाई तेवढंच सांगायची, पुन्हा पुन्हा तेवढंच. इतक्यात दवाखान्यातून निरोप आला, की डोळ्यांच्या बाहुल्या बघता धोतऱ्याची लक्षणं नाहीत. कोंडलेल्या कोळशाचा गॅस बाधला असावा.

"डाक्टरला काय कळतंय?" सासू फणकारली. "कोळसा का आजच पेटलाय?"

झालं! माझंही डोकं सणकलं. म्हटलं, आता गावासमोरच सोक्षमोक्ष लावतो.

पंच बसवले. उघड्या अंगणात शेगडी पेटवून त्याच डब्यातला ऊद टाकला आणि सगळ्यांत आधी त्या धुरात मी बसलो. खोकलो, डोळे चोळले, बाकी ठणठणीत. मग त्याच खोलीत तीच शेगडी, तेवढाच कोळसा ठेवला. ऊद मात्र कणभरही नाही. टोपलीखाली एक कोंबडी ठेवली, खिडकी-दार तसंच बुजवलं. काही वेळाने उघडलं तर कोंबडीने मान टाकलेली! वाऱ्याला आणून ठेवली, तसे तिने हळूहळू डोळे उघडले आणि कलकलाट करत पंचांच्या अंगावरून पळाली. लोक पोट धरून हसले.

"बोला," मी गरजलो, "ऊद नव्हता, मग धोतरा कुठून आला?"

धुराला भिऊन भावजयीने बाळ बाहेर नेलं, म्हणून ते वाचलं. कोळशाच्या गॅसला ना रंग ना वास, म्हणून नणंद आत राहिली. संध्याकाळी ती शुद्धीवर आल्याचा सांगावा आला. तिने पहिल्यांदा विचारलं म्हणे, "वहिनी कुठाय?"

मग मी तिथेच सगळ्यांना दम भरला. कोळसा अंगणात पेटवा, निखारा फुलला की आत न्या. शेगडी विटांवर ठेवा, बाजेखाली नको. उदाची चिमूट पुरे. दार-खिडकी उघडी ठेवा, धुरी झाली की शेगडी बाहेर, आणि निखाऱ्याजवळ कुणी झोपायचं नाही. लाल निखारासुद्धा कोंडला तर जीव घेतो.

त्या तपासाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. धूर दिसला की लोक आधी माणूस पकडतात, खिडकी कुणी बघत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी आधी खिडकी बघितली.

बारशाचं आवतण मला आलं होतं. खिडकी सताड उघडी होती. भावजय उंबऱ्याबाहेर उभी. मूल नसलेल्या बाईने पाळण्याला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. नाव ठेवायला आत्या पुढे झाली, तर सासूनेच तिला थांबवलं. मग सासू उठली, भावजयीचा हात धरून तिला पाळण्याशी घेऊन आली.

"ये माय. हे लेकरू तुझ्यामुळं जितं हाय. नाव तूच ठेव."

भावजय वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने नाव पुकारलं.