घाटात उतरलेलं विमान

इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. खाली पारगावकडचा ऊस. शेजारच्या सीटवर सानिका, माझी विद्यार्थिनी.

"सर, समोरचं हिरवं शेत?"

"ऊस आहे तो. चाकं अडकली की विमान उलटं होईल. माय कंट्रोल."

म्हणजे आता विमान माझ्या हातात. मी तिला डावीकडची लांब, मोकळी पट्टी दाखवली. तो बैलगाडा शर्यतीचा घाट होता.

सानिकाने कारखान्याच्या धुराकडे बघितलं. "सर, वारा पाठीमागून येईल!"

बरोबर होतं. विमान वाऱ्यासमोर उतरवतात, वेग लवकर कमी होतो. पण मी जुन्नरचा. आमच्याकडचे घाट चढणीचे असतात. बैल खालून वर पळतात. वाऱ्यासमोर उतरायचं तर उतारावरून खाली घसरत जायचं, आणि खाली विहीर. मी चढाची बाजू धरली.

चढावर जमीन अंगावर येते. नाक नेहमीपेक्षा जास्त उचलावं लागतं. मी उचललं, तरी कमी पडलं. विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. पुढचं चाक वाकलं, नाकावरचा पंखा मातीत रुतला. आम्हाला दोघांना खरचटलंसुद्धा नाही.

माणसं धावत आली. सानिकाला पाणी दिलं. एकजण म्हणाला, "पावणं, घाटात पयला येणाऱ्याला आमी फेटा बांधतो. तुमी तर नाकावर पडला राव!"

"आधी ह्यांना खाली तर उतरू द्या की!" दुसरा ओरडला.

मी चीफ इन्स्ट्रक्टरना फोन लावला, झालं ते सांगितलं. याच माणसाच्या हाताखाली मी हँगरमध्ये विमानं धुतली, तिथून इन्स्ट्रक्टर झालो. कुणी लागलंय का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"टेलविंड? वारा पाठीवर घेऊन उतरलास? रिपोर्टमध्ये 'दिशा चुकली' असं जाईल."

तसं गेलं असतं तर माझं शिकवणं बंद.

"सर, इथे चढ आहे. तो लिहा, मग सही करतो."

"घासाघीस करायला ही काय भाजी मंडई आहे?"

"मंडईत माल बघून तरी बोलतात, सर. तुम्ही या आणि बघा."

माझा आवाज चढला होता. माणसं गंमत बघत होती.

दुपारी सर आले. गाडी घाटाच्या तळाशी लावावी लागली. पॉलिशचे बूट मातीत रोवत ते वर निघाले. मी विमानापाशीच उभा राहिलो, एक पाऊलही पुढे गेलो नाही. पोहोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. पंखाला हात टेकून त्यांनी श्वास घेतला.

"फार चढ आहे रे."

"हेच लिहा, सर."

माझं शिकवणं चालू राहिलं. रिपोर्टमध्ये मात्र त्यांनी 'किंचित चढ' असं लिहिलं. त्या 'किंचित'वर आमचं अजून वाजतं. नव्या विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगतो: वाऱ्याची दिशा धूर बघून कळते, चढ मात्र दम लागल्याशिवाय कुणी मान्य करत नाही.