पिकेपर्यंत चारोळी

कपाशीनं दगा देण्याची ती वर्षं. बोंडअळीतून पीक वाचलं तर भाव पडायचा, म्हणून आम्हा बायांचा सगळा जीव जंगलातल्या चारोळीवर. मुकुटबनच्या बाजारात ती हातोहात जायची. गोची एकच, झाडं कुणाच्याच मालकीची नव्हती. आपण थांबलो की दुसरीनं नेलीच समजा. म्हणून फळ हिरवंगार असतानाच आम्ही ओरबाडायचो, हात पुरला नाही तर फांदीच तोडायचो.

त्यात हवामानाचंही डोकं फिरलेलं. बहर धरला की अवकाळी पाऊस, आणि होळीआधीच अंग भाजणारं ऊन. झाडांचा अभ्यास करणारी एक बाई तेव्हा आमच्या जंगलात यायची. तिनं आम्हाला झाडाखाली नेलं आणि म्हणाली, "चारोळीचं एक तरी रोप शोधून दाखवा." पाचोळा उकरून नखं काळी झाली. पळसाचं सापडलं, सागाचं सापडलं, चारोळीचं एक नाही. कच्चं बी रुजत नाही, आणि पिकलेलं आम्ही खाली पडूच दिलं नव्हतं. ही म्हातारी झाडं गेली की खेळ खलास. मला धसकाच बसला.

गावच्या सभेत मीच बोलले. फळ काळं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही आणि काही झाडं रुजण्यासाठी तशीच सोडायची. बाया तयार झाल्या. आडवी आली एकटी माझी सासू.

"लगन होऊन आली तवापासून मी हिरवीच तोडून राह्यली. तू मले जंगल शिकवतं?"

माझंही डोकं काही थंड नाही. म्हटलं, "मंग राखण तुमीच करा न. तुमच्यापुढं कोण येते, पायतो आमी."

सगळ्या बाया हसल्या. म्हातारी फणफणली, पण दुसऱ्या दिवसापासून खरंच झाडांपाशी जाऊन बसू लागली. कुणाची हिंमत होते तिथं जायची!

फळं रंगावर येत होती, तोच शेजारच्या गावाहून तिचा धाकटा भाऊ पोती घेऊन आला. हा तिचा लाडका. आईमागं तिनंच वाढवलेला. आम्ही बाया तिथंच मोहफुलं वेचत होतो. हिनं त्याला तोडू दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं गाव झाडांवर चढलं असतं.

"बस, पाणी पे," ती म्हणाली. "चारोळी पिकली का ये."

तो हसला. "ताई, कच्ची तोडाले तूच त शिकवलं मले."

"शिकवलं. म्हणूनच खाली एक रोप नाई. तोडू नोको, भाऊ."

तो पाणी न पिताच निघून गेला. सासूनं माझ्याकडे पाहून डोळ्याला पदर लावला. "तुह्यापायी माहा भाऊ तुटला," म्हणाली. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मनच उडालं.

फळं काळी झाली, आम्ही वाजतगाजत तोडली, ठरलेली झाडं सोडली. आणि एका दुपारी तो दारात उभा.

"आमच्याबी गावानं ठरवलं, ताई. पिकल्याबिगर कोणी हात लावत नाई. तू आली तरी तुले तोडू देत नाई मी."

"कायले येऊ मी तुह्या जंगलात?" म्हणत ती चुलीकडे वळली. त्याला बळेबळेच वाढलं, आणि मग स्वतःही ताट घेऊन त्याच्याजवळ बसली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.