तारेवरचा डबा आणि तुळजाआत्या

तुम्ही मघापासून माझ्या वर्कशॉपमधल्या या पलंगाकडे बघताय, मला कळतंय. पितळेच्या समया करणाऱ्या माणसाच्या शेडमध्ये पलंग, उशी, मच्छरदाणी कशाला, हाच प्रश्न ना? सांगतो. पण हसायचं ते हळू हसा. त्या सुतळीच्या पलीकडच्या टोकाला माणूस बसलंय आणि त्याचे कान फार तिखट आहेत!

बारा वर्षं पिंपरीच्या कारखान्यात काढली म्हणून मी तुमच्याशी हे असं बोलतोय. कुंभकोणमच्या आमच्या घरातलं मराठी वेगळं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी जे बोलत इकडे आले, तेच अजून चाललंय. 'मजला', 'तुजला', 'बहुत'. पुण्याहून एक पाहुणी आली होती, ती माझ्या बायकोचं बोलणं ऐकून म्हणाली, "अय्या, या बखरीसारख्या बोलतात!" म्हणून आम्हा नवरा-बायकोचं बोलणं-लिहिणं तुम्हाला तुमच्या मराठीतच सांगतो.

तर घर पुढे. मागे अंगण, मग विहीर, मग कढीलिंबाचं झाड, थोड्या केळी आणि त्यापलीकडे ही पत्र्याची शेड. मोजून साठ पावलं. पण पॉलिशचं मशिन सुरू झालं की साठ पावलं काय आणि साठ मैल काय!

फोन म्हणाल, तर दोन फोन पितळेची भुकटी खाऊन मेले. तिसरा वाजतो, पण मशिनपुढे कुणाला ऐकू येतोय? रुक्कू, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून "अहो, जेवायला या!" म्हणून अशी ओरडायची, की मी सोडून सगळी गल्ली जेवायला बसायची.

मग मी डोकं चालवलं. तिथेच चुकलं म्हणा.

दोन कप्प्या आणल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून या खिडकीपर्यंत, विहिरीवरून, एक तार ताणली. तारेला झाकणाचा स्टीलचा डबा, डब्याला छोटी घंटा आणि सुतळीचा फेरा. इकडून ओढा, डबा इकडे येतो. तिकडून ओढा, तिकडे जातो. मी छाती फुगवून रुक्कूला दाखवलं.

ती म्हणाली, "लोकांचे नवरे इंटरकॉम लावतात. माझ्या नवऱ्यानं विहिरीचा रहाट आडवा केला."

पहिल्या दिवशीची कॉफी कढीलिंबाला मिळाली. पण झाकण घट्ट केल्यावर डबा छान चालायला लागला. कॉफी यायची, वडा यायचा आणि मुख्य म्हणजे चिठ्ठ्या यायच्या. रुक्कूचं शिक्षण तमिळ शाळेत, तिला देवनागरी येत नाही. म्हणून आम्ही मराठी लिहितो ते तमिळ अक्षरांत. इकडच्या बहुतेक मराठी घरांत असंच. वाण्याची यादी घ्या नाहीतर आरत्यांची वही घ्या, भाषा आपली आणि अक्षरं त्यांची.

याचा एक मोठा फायदा होता, निदान मला तसं वाटायचं. गल्लीत मराठी घर आमचं एकच, त्यामुळे आमची चिठ्ठी वाचता साऱ्या गल्लीला यायची, कळायची मात्र कुणालाच नाही!

आमचे शेजारी वैद्यनाथन सर. निवृत्त हेडमास्तर. रोज सकाळी आमच्या मागच्या ओसरीवर बसून आमचा पेपर वाचतात, आणि मोठ्यानं वाचतात. एकदा त्यांच्या हाती आमची चिठ्ठी लागली. त्यांनी ती खणखणीत वाचून काढली आणि मला तमिळमध्ये विचारलं, "याचा अर्थ काय हो, गोपाळराव?" मी म्हटलं, "काही नाही सर, वाणसामान." चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सर अजून गेले नाहीत, इडल्या झाकून ठेव.' म्हणजे बघा, किती सुरक्षित! मी निर्धास्त झालो.

आणि अशात पापनाशमहून तुळजाआत्या आली.

तुळजाआत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. वय पंच्याहत्तर, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आणि ही शेड जिथे उभी आहे ती जागा तिच्या नावावर. आजोबांनी मागचा तुकडा लेकीला दिला होता. तिच्या सासरकडचा एक पुतण्या तिच्या मागे लागला होता, की शेड पाडू, भाड्याच्या खोल्या काढू. आत्यानं फोनवर सांगितलं, "मी येतें, तीन दिवस राहातें, पाहातें आणि ठरवितें."

अहो, ही शेड गेली तर मी जाऊ कुठे? या मशिनचा आवाज गावात दुसरीकडे कोण ऐकून घेईल? वडलांनी बांधलेली भट्टी, सगळे साचे, सगळं इथंच. रुक्कूला मी बजावलं, "तीन दिवस. आत्या म्हणेल ती पूर्व दिशा."

आता तीन दिवसांत काय काय झालं म्हणून सांगू! आत्यानं पहिल्या दिवशी कॉफी चार वेळा परत पाठवली. पहिली पातळ, दुसरी कडू, तिसरी निवलेली, चौथीत म्हणे दूध "रुसलेलें". चष्मा पलंगावर ठेवून स्वतःच त्यावर बसली आणि काच फुटली म्हणून रागावली माझ्यावर. चष्मा गेला दुरुस्तीला. मग वाचता येत नाही, टीव्ही दिसत नाही, म्हणून दिवसभर ओसरीवर बसून नुसतं ऐकणं. भाजीची फोडणी ऐकून सांगायची, "मोहरी जळाली!"

आम्ही दोघं तिच्यापुढे साखरेसारखे. सगळी धुसफूस डब्यातून. 'पाचवी कॉफी मागतात.' 'दे.' 'वर म्हणतात, तुझ्या सासूच्या हाताला चव होती.' 'हो म्हण.' 'तुम्ही या आणि हो म्हणा.' लग्नाच्या बावीस वर्षांत आमचा एवढा पत्रव्यवहार झाला नव्हता.

तिसरा दिवस उजाडला. आत्या म्हणाली, "जेवण झाल्यावर सांगतें काय तें."

अकराच्या सुमारास खिडकीत डबा येऊन डुलताना दिसला. डब्यात रुक्कूची चिठ्ठी: 'वांग्याची भाजी तिखट म्हणतात. अजून खाल्लीही नाही, नुसत्या वासावरून. आता मी रडेन.'

बायको रडते म्हटल्यावर माझाही तोल गेला. मशिन बंद केलं, बसलो आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे, कारण पुढे ते बऱ्याच जणांनी मला म्हणून दाखवलं.

'रुक्कू, भाजीत गूळ घाल आणि थोडा तुझ्या तोंडातही ठेव. आजचा दिवस काढ. आत्याला खूश करणं म्हणजे भोक पडलेल्या समईत तेल ओतणं. आपण ओतत राहायचं, ज्योत काही दिसत नाही. ती घोरते तेव्हा मला वाटतं मशिन बंद करायचं राहिलं. दोनदा उठून शेडपर्यंत जाऊन आलो. एकदा शेडचं हो म्हणू दे, उद्या पहिल्या बसला मी स्वतः खिडकीची सीट धरून देतो. तिची पिशवी मी आजच भरून ठेवली आहे.'

डब्यात टाकली. सुतळी ओढली. डबा डुलत डुलत विहिरीवरून गेला. मन कसं मोकळं झालं!

मला काय माहीत, की रुक्कू त्याच वेळी पानं कापायला केळीत गेलीये?

तिकडे घंटा वाजली. ओसरीवर कोण? आत्या. आणि तिच्या शेजारी, पेपरची शेवटची पानं चघळत, वैद्यनाथन सर! मी इथून, या खिडकीतून बघतोय. सर उठले. मदतीला तत्पर माणूस! डबा उघडला, चिठ्ठी काढली. आत्या तमिळमध्ये म्हणाली, "माझा चष्मा नाही. वाचा की, काय आहे त्यात."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरांना वाचता येतं, कळत नाही. आत्याला वाचता येत नाही, पण कळतं! दोघं मिळून झाला ना एक अख्खा माणूस!

सरांनी घसा साफ केला. "रुक्कू! भाजीत गूळ घाल!"

मी सुतळी ओढली. जिवाच्या आकांतानं ओढली. डबा सुसाट आला, झाकण विहिरीत पडलं, डबा माझ्या कपाळावर. रिकामा! चिठ्ठी सरांच्या हातात.

"सर, वेण्डाम्! वेण्डाम् सार्!" मी इथून तमिळमध्ये 'नको, नको' म्हणून ओरडलो. सरांनी मला हात केला, 'थांबा, वाचतोय' अशा अर्थानं, आणि पुढे निघाले. "आत्याला खूश करणं म्हणजे..."

काय करावं? मी मशिन चालू केलं! म्हटलं, बुडू दे सगळं आवाजात. पण सरांची शाळा रेल्वे फाटकाशेजारी होती. गाडी आली म्हणून त्यांनी पस्तीस वर्षांत कधी धडा थांबवला नव्हता. ते उभे राहिले, छाती भरून घेतली आणि आवाज चढवला. मला ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा हात दिसत होता. 'ज्योत काही दिसत नाही' याला त्यांनी हात असा हवेत फिरवला, की न कळतासुद्धा बरोबर जागी फिरला!

आणि वीज गेली.

मशिन खाडकन थांबलं. शेजारच्या घरचा मिक्सर थांबला. पंखे थांबले. सगळ्या गल्लीत चिडीचूप. आणि त्या शांततेत सरांचा आवाज: "ती घोरते तेव्हा मला वाटतं, मशिन बंद करायचं राहिलं!"

मी धावत सुटलो. साठ पावलं. विहिरीपाशी घसरलो, कढीलिंब धरला, उठलो. ओसरीवर पोचलो तेव्हा सर "पिशवी मी आजच भरून ठेवली आहे" म्हणून घाम पुसत होते. रुक्कू हातात केळीची पानं घेऊन दारात पुतळा झाली होती.

सर भारावून म्हणाले, "अहो गोपाळराव, काय लय आहे! वाणसामान नव्हे हे. अर्थ काय याचा?"

मी चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला.

आत्याच शांतपणे तमिळमध्ये म्हणाली, "भाचा माझी स्तुती करतोय. पुन्हा वाचा."

आणि सरांनी पुन्हा वाचलं! पहिल्यापासून! या वेळी हावभावांसकट!

जेवायला बसलो. आत्यानं वांग्याची भाजी दोनदा घेतली. जेवण झाल्यावर ती सरांना घेऊन ओसरीवर गेली आणि मी इथे शेडमध्ये येऊन भट्टीकडे बघत बसलो. वडलांची आठवण आली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. एका चिठ्ठीपायी मी त्यांची भट्टी घालवली होती.

तासाभरानं घंटा वाजली. झाकण नसलेला डबा हळूहळू येत होता. आत चिठ्ठी. अक्षर सरांचं, मोत्यासारखं. भाषा आत्याची. तिनं सांगितलं होतं, त्यांनी एक शब्द न कळता लिहून घेतलं होतं.

'चिरंजीव गोपूस आशीर्वाद. शेड तुझी. माझ्या भावानें बांधली, तूं चालविलीस, ती मी मोडणार नाहीं, हें पापनाशमहून निघतांनाच ठरविलें होतें. तीन दिवस राहिलें तें रुक्कूच्या हातचें जेवावयास. माझ्या घरीं मजला एकटीला कोण करून वाढतें? कॉफी परत पाठविली कीं नवी मिळते, म्हणून पाठविली. तूं माझी पिशवी भरलीस, बहुत बरें केलें. आतां ती उघड. मी येथेंच राहातें. माझें घोरणें तुजला सोसत नाहीं, म्हणून तुझा पलंग शेडमध्यें हालविण्यास रुक्कूला सांगितलें आहे. मशिन बंद आहे कीं चालू, हें तुजला तेथून नीट कळेल.'

मी हसलो की रडलो, मलाच माहीत नाही. घराकडे धावलो. पाया पडलो. आत्यानं पाठीवर हात ठेवला, मग तीच पाठ धरून मला पलंगाच्या एका टोकाला उभं केलं आणि म्हणाली, "उचल."

तर असा हा पलंग. मला शेड पाहिजे होती, पूर्णच्या पूर्ण मिळाली! रुक्कू आणि आत्या घरात राज्य करतात, सकाळी शेजारी बसून माझ्याबद्दल काय बोलतात देव जाणे. माझं जेवणखाण सगळं तारेवरून. आत्याचा चष्मा दुरुस्त होऊन आलाय. आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी तीच बसते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक चिठ्ठी आधी तिच्या नाकाखालून जाते.

काल म्हटलं, बघू तरी, आत्याची युक्ती आपल्यालाही चालते का. कॉफी चांगली होती हो, पण मी डब्यातून परत पाठवली. सोबत चिठ्ठी: 'पातळ आहे.'

दोन मिनिटांत घंटा वाजली. तोच पेला, तीच कॉफी, आता गार झालेली. खाली आत्याच्या हातची दोन शब्दांची चिठ्ठी:

'गपचूप पी.'